त्याने आधी परतायची वेळ विचारली

क्रूझवर काम करणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय. मुद्दाम लिहितोय, कारण माझे पैसे गेले तेव्हा मी नवखा नव्हतो. दुसरं कॉन्ट्रॅक्ट चालू होतं आणि बंदरांची चांगली सवय झाली होती. बंदराचं नाव देत नाही. ते देऊन उपयोगही नाही, हा प्रकार जिथे क्रू उतरतो तिथे कुठेही होऊ शकतो.

मी डायनिंग रूमला असिस्टंट वेटर होतो. ज्यांनी जहाजावर काम केलेलं नाही त्यांना वाटतं, बंदर आलं की क्रूला सुट्टी. सुट्टी वगैरे काही नसते. ब्रेकफास्ट आवरून, टेबलं पुन्हा लावून हात मोकळे होईपर्यंत अकरा वाजतात. पाहुणे बाहेर गेलेले असतात म्हणून दुपारी काम हलकं असतं, पण सगळ्यांना उतरता येत नाही. आणीबाणी आली तर जहाज सांभाळायला ठरावीक माणसं आत थांबावीच लागतात आणि त्याची पाळी लागते. कधी नेमकं त्याच दिवशी क्रू ड्रिल असतं. शिवाय आपली परतायची वेळ पाहुण्यांच्या आधीची. नियमाने चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती मिळायला हवी, पण रोजची विश्रांती दोन तुकड्यांत विभागता येते, त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा असला की झालं. म्हणजे दुपारी जो वेळ आपण बाहेर घालवतो तो बऱ्याचदा झोपेतून काढलेला असतो. त्या दिवशी माझ्याकडे जेमतेम साडेतीन तास होते. त्यात जेवण, घरी व्हिडिओ कॉल, साबण-शॅम्पूची खरेदी आणि पैसे पाठवणं, एवढं सगळं उरकायचं होतं.

पैसे पाठवायची सोय जहाजावर होती. पण त्याचा फॉर्म महिन्याच्या ठरलेल्या तारखेआधी क्रू ऑफिसला द्यावा लागायचा आणि तो माझ्याकडून राहून गेला होता. पगार तेव्हा आम्हाला रोख मिळायचा. धाकट्या भावाच्या फीचा हप्ता दोन दिवसांवर आला होता. खिशात पाकिटात ९०० डॉलर घेऊन मी गँगवे उतरलो.

गेटच्या बाहेर टॅक्सीवाल्यांचा गलबला असतो. तो संपतो तिथे एका मोठ्या छत्रीखाली टेबल मांडलेलं होतं. माणसाच्या अंगात बंदरातले कामगार घालतात तसलं नारिंगी चमकपट्ट्यांचं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, समोर लॅमिनेट केलेला दरांचा तक्ता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘फक्त क्रूसाठी’. महिनोन्महिने सगळं काही पाहुण्यांसाठी असलेल्या ठिकाणी राबल्यावर हे दोन शब्द वाचले की माणूस सैल पडतो. मीही पडलो. दोन फिलिपिनो पोरं त्याच्याशी हसून बोलत उभी होती. ती गिऱ्हाईकं होती की त्याचीच माणसं, हे मला आजही सांगता येणार नाही.

“ब्रदर, परत किती वाजता?” हा त्याचा पहिला प्रश्न. किती पाठवायचेत, कुठे पाठवायचेत, हे नंतर. मी सांगितलं, साडेतीन. “आणि पुन्हा इथे कधी?” मी म्हटलं, आता या सीझनला नाही, आजच शेवटचं, उद्यापासून क्रॉसिंग. एप्रिल चालू होता. कॅरिबियनचा हिवाळी सीझन संपवून बरीच जहाजं त्या सुमारास अटलांटिक ओलांडून युरोपकडे जातात, आमचंही निघालं होतं. पुढचे सात दिवस नुसतं पाणी. मला वाटलं, माणूस आपुलकीने चौकशी करतोय. खरं तर त्याला तीच दोन उत्तरं हवी होती. माझ्याकडे किती वेळ आहे आणि मी भांडायला परत येऊ शकतो का. जहाजांची वेळापत्रकं कितीतरी आधी जाहीर झालेली असतात. कोणत्या जहाजाची कोणत्या दिवशी शेवटची फेरी आहे हे कोणालाही बघता येतं, आणि असा माणूस ते बघूनच टेबल मांडतो.

मग त्याने कार्बन घातलेलं तीन प्रतींचं पुस्तक काढलं. भावाचं नाव, बँकेचा खाते क्रमांक, सगळं माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. दोनदा तपासायला लावलं. नोटा माझ्यासमोर दोनदा मोजल्या आणि एक कोपरा फाटलेली नोट बदलून मागितली. या नोट बदलण्याने माझी उरलीसुरली शंका गेली, कारण बुडवणारा माणूस फाटक्या नोटेची कशाला फिकीर करेल? मग माझं क्रू कार्ड मागितलं आणि त्यावरून बघून पावतीवर काहीतरी उतरवलं. शिक्का मारला. फोनवर बराच वेळ बोटं चालवली आणि मान हलवली. नेटवर्क स्लो आहे, एवढी जहाजं लागली की असंच होतं, तासाभरात पैसे जातील, मेसेज येईल. आणि वर म्हणाला, “तू निघ, उशीर करू नकोस, जहाज थांबत नाही.”

तीनला दहा मिनिटं कमी होती. उशीर झाला तर काय होतं हे क्रूला सांगावं लागत नाही. वॉर्निंग मिळते, आणि जहाज सुटलंच तर नोकरीवर येतं. मी त्याला थँक्यू म्हणून पळालो.

रात्री ड्यूटी संपल्यावर केबिनमेटला पावती दाखवली. त्याची आठ कॉन्ट्रॅक्टं झाली होती. बंकच्या दिव्याखाली धरून त्याने विचारलं, “नंबर कुठाय?” मी रेफरन्स नंबरच्या चौकटीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, “अरे, हा तुझाच क्रू नंबर आहे.”

आकडे रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे ओळखीचे वाटले होते आणि ओळखीचे वाटले म्हणूनच खरे वाटले. खऱ्या काउंटरवर पैसे भरले की व्यवहाराचा नंबर त्याच क्षणी, मशिनमधून छापून येतो. तो हातात पडल्याशिवाय आणि तिथेच उभं राहून त्या सेवेच्या स्वतःच्या ॲपवर किंवा साइटवर तपासल्याशिवाय जागा सोडायची नसते. नेटवर्क नसेल तर पैसे परत घ्यायचे. ‘नंतर जाईल’ असा व्यवहार नसतोच.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन हा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१३ पासून लागू झाला. त्यात स्पष्ट म्हटलंय की कमाईचा सगळा किंवा काही भाग घरी पाठवायची सोय जहाजमालकाने करून द्यायची आहे, त्याचं शुल्क वाजवी हवं आणि चलनाचा दर कामगाराला तोट्यात घालणारा नको. म्हणजे क्रू ऑफिसमधला तो फॉर्म ही मेहेरबानी नव्हती, हक्क होता. तारीख चुकली होती तरी जाऊन अडचण सांगता आली असती. मी विचारलंसुद्धा नाही, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

नंतरचे तीन दिवस मी गप्प राहिलो. लाजेने. भावाला खोटं सांगितलं की बँकेत अडकलेत. हे तीन दिवस वाया गेले. चौथ्या दिवशी केबिनमेटनेच मला सिक्युरिटी ऑफिसरकडे नेलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, पोर्ट एजंटला कळवलंस का? मला ते सुचलंच नव्हतं. प्रत्येक बंदरात जहाजाचा स्थानिक एजंट असतो. जहाज निघून गेलं तरी तो तिथेच असतो आणि पोलिसांकडे तो जाऊ शकतो. त्यांनी पावतीचा फोटो एजंटला पाठवला. उत्तर आलं की छत्री आणि टेबल दोन्ही आता तिथे नाहीत.

युरोपात पहिल्या बंदरात मी खलाशांच्या केंद्रात गेलो. मिशन टू सीफेअरर्स, स्टेला मॅरिस अशा संस्थांची केंद्रं बऱ्याच बंदरांत आहेत. वायफाय मिळतं आणि गावात विश्वासाचं काउंटर कुठलं हे तिथल्या माणसांना विचारता येतं. तिथे दुसऱ्या जहाजाच्या लाँड्रीत काम करणारा एक मुलगा भेटला. बोलता बोलता माझी पावती काढली, तर त्याने पाकिटातून घडी घातलेली तसलीच कार्बनची प्रत काढली. शिक्का तोच. रेफरन्सच्या चौकटीत त्याचा क्रू नंबर. तारीख माझ्या आधी अकरा दिवसांची, म्हणजे त्याच्या जहाजाच्या शेवटच्या फेरीची.

दोन्ही पावत्या आम्ही एकत्र एजंटकडे पाठवल्या आहेत. तुमच्यापैकी कुणाकडे अशी पावती असेल, चौकटीत स्वतःचाच क्रू नंबर असलेली, तर ती फेकू नका आणि लाजूही नका. जहाजाच्या सिक्युरिटी ऑफिसरला आजच दाखवा आणि त्या बंदराच्या एजंटला पाठवायला सांगा.