दिवाळीचं दळण आणि चिपळूणच्या बाजारातली एक गिरण

आज २०२१ सालचा दिवाळीचा पाडवा. शेवटचे डबे काल लक्ष्मीपूजनाच्या आधी घराबाहेर पडले, म्हणून आज बसून लिहायला सवड आहे. गिरणीबद्दल कोणी एवढं लिहितं का, असं आमच्या घरात विचारून झालंय. ज्याची वर्षाची निम्मी कमाई दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत होते, तो लिहितो.

मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, यंदाचं बारावं वर्ष. चकली, बेसनाचे लाडू, चिवडा, करंज्या आणि अंगात बळ उरलं तर अनारसे. निम्मी गिऱ्हाइकं इथली, निम्मी मुंबई-पुण्याला गेलेली इथलीच. तेल, तूप, साखर कुठूनही आणता येते. दळण मात्र कुठूनही चालत नाही, आणि माझं दळण बारा वर्षं बाजारातल्या एकाच गिरणीवर जातं. गिरणीचं नाव लिहीत नाही, कारण पाटी पुरात गेली आणि नवी अजून लागलेली नाही. आम्ही सगळ्या ‘काकांची गिरण’ म्हणतो.

यंदा २२ जुलैच्या पुरात काय झालं ते चिपळूणकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच: २६ जुलै २००५च्या पुरात पाणी जिथवर चढलं होतं, त्याच्याही वर फळ्या मारून बाजारातले लोक माल ठेवायचे. त्याच्यावर पाणी येणार नाही, असा सगळ्यांचा हिशोब होता. यंदा तो साफ चुकला. धरणाचं पाणी, भरती, वाशिष्ठी नदीतला गाळ की नुसता पाऊस, यावर अजून रोज चहाच्या टपरीवर भांडणं होतात. काकांच्या गिरणीत पाणी पत्र्याला टेकलं होतं. तीन चक्क्या, तिन्ही मोटारी, पट्टे, वजनकाटा, लोकांचे दळणाचे डबे, सगळं पाण्याखाली. त्यात माझे दोन डबे होते, गव्हाचे. एक पुढे तिसऱ्या गल्लीत सापडला, झाकणावर माझं नाव तसंच.

ऑगस्ट-सप्टेंबर मी शेजारणीच्या घरघंटीवर काढला. गणपती १० सप्टेंबरला होते, मोदकांची पिठी तिच्यावरच केली. घरघंटी वाईट नाही. घरच्या दोन किलो गव्हाला उत्तम. पण एक अश्वशक्तीच्या मोटारीवर दहा किलो भाजणी दळायला घेतली की पीठ हाताला चटका बसेल इतकं तापतं, आणि तापलेल्या पिठाला करपट वास येतो. भाजणी आपण आधीच भाजलेली असते, तिला आणखी भाजायची गरज नसते.

काकांची गिरण दसऱ्याला पूजा करून सुरू झाली. तोपर्यंत आजूबाजूचा बाजार अर्धा उघडला होता. नवी शटरं बिनरंगाची, चकचकीत पत्र्याची, त्यामुळे कुणाचं दुकान किती बुडालं ते शटरावरून कळत होतं. भांड्यांवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं, स्टील धुतलं की झालं. कापडवाल्यांनी धुतलेला माल निम्म्या किमतीत बाहेर मांडला होता. मी चार टॉवेल घेतले, तीनदा धुतले, वास जात नाही. पायपुसणी केली. स्टेशनरीवाल्यांकडे मात्र धुण्यासारखं काही उरलंच नव्हतं; १८६४ सालच्या आपल्या वाचनालयातली बरीच पुस्तकंही अशीच गेली. दुकानदारांना पंचनाम्यानंतर सरकारी मदत होती ती जास्तीत जास्त पन्नास हजार. त्या पैशात गिरण उभी राहत नाही. काकांनी उरलेलं कसं जमवलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मी दळण नेलं नाही, नुसती बघायला गेले. भीती एकच, खर, म्हणजे पिठात उतरणारी बारीक वाळू. गिरणीचा दगड पंधरा तास गाळाच्या पाण्यात राहिला तर त्यातून काय काय बाहेर येईल? चकलीत एकदा दाताखाली कचकच आली की ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि कारणही सांगत नाही. काकांनी दोन चक्क्यांचे दगड काढून धुतले होते, दोन महिने वाळवले होते, नव्यानं टाकी लावून घेतली होती, म्हणजे छिन्नीनं ठोकून दगड पुन्हा खडबडीत केले होते. टाकी लावल्यावर कोंडा नाहीतर टाकाऊ धान्य दळून दगड साफ करतात, हे कुठल्याही गिरणीत करतातच. काकांनी ते चार दिवस केलं. मी गेले तेव्हा त्यांनी नुकतेच दोन किलो चांगले तांदूळ घातले होते. खालच्या फडक्यातून पडणारी पिठी चिमटीत घेतली, अंगठ्यानं तर्जनीवर घासली, मग जिभेवर ठेवून पुढच्या दातांनी हळूच चावली. डोळे मिटून. मग थुंकले आणि म्हणाले, “वैनी, आज नको. परवा या.” तिथं दहा-बारा बाया डबे घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांना परत पाठवलं. तीन महिने एक रुपया न मिळालेल्या माणसानं!

परवा गेले. खर नव्हती. तेव्हापासून आजवर एकदाही नाही, आणि यंदा माझी एकटीची अठ्ठावीस किलो भाजणी आणि वीस किलो बेसन तिथून दळून झालंय.

आता तक्रार. पूर्वी तीन चक्क्या होत्या तेव्हा एक गहू-ज्वारी-बाजरीची, एक तांदूळ-भाजणीची, एक डाळींची, अशी वाटणी होती. तिसरीची मोटार अजून रिवाइंडिंगलाच अडकलीय, त्यामुळे दोनांवर सगळं. २४ ऑक्टोबरच्या रविवारी माझी आठ किलो भाजणी दळून आली आणि सोमवारी सकाळी पहिलाच घाणा बिघडला. अनारसा हसतो, म्हणजे तेलात विरून पसरतो, तशी चकली कढईत सुटायला लागली. मला वाटलं मोहन जास्त झालं. दुसऱ्या खेपेला मोहन कमी केलं, तीच तऱ्हा. मग पीठ पांढऱ्या ताटलीत पसरून खिडकीत नेलं. भाजणीचा रंग बदामी हवा, ह्याला राखाडी झाक. मधे मधे बारीक काळसर कण. बाजरी! माझ्या आधी कोणाची तरी बाजरी लागली होती आणि दगड साफ न करता वरून माझी भाजणी ओतली होती.

आठ किलो भाजणी म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच कळेल. तांदूळ धुवायचे, सावलीत सुकवायचे, चारास दोन हरभऱ्याची डाळ, एक मूग, एक उडीद, वर पोहे, धणे, जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण मूग लाल व्हायला लागतो तेव्हा तांदूळ अजून कच्चाच असतो. दोन दिवस त्यात जातात.

ताटली तशीच झाकून गिरणीवर नेली. भांडायच्या तयारीनंच गेले होते, खोटं कशाला सांगू. काकांनी ताटली हातात घेतली, एक चिमूट तोंडात टाकली आणि गिरणीवर नव्यानं ठेवलेल्या पोराकडे नुसतं बघितलं. पोरगा म्हणाला, “रांग लई होती.” काका त्याला माझ्यासमोर काही बोलले नाहीत, ते मला आवडलं. मला म्हणाले, “चूक आमची. तांदूळ-डाळी आमच्याकडून न्या, भाजायचं तेवढं तुम्हाला पडंल.” दळणाचे पैसे परत, पुढच्या दळणाचे पैसे घेतले नाहीत, आणि माझी भाजणी घालायच्या आधी घरचे दोन किलो तांदूळ दगडातून काढले. ती बिघडलेली भाजणी मी थालीपिठाला ठेवलीय. थालीपिठं झकास होतात, बाजरीमुळेच.

त्या दिवसापासून भिंतीवर खडूनं वेळा लिहिल्यात. सकाळी गहू, दुपारी दोननंतर तांदूळ आणि भाजणी, डाळी दुसऱ्या चक्कीवर दिवसभर, बाजरी बंद. बाजरीवाल्यांनी कटकट केली, पण यंदा दिवाळीत ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

दळणाचा दर्जा म्हणाल तर चकलीची भाजणी हवी तशी, बोटाला रेशमी लागते पण अगदी मैदा नाही. सोऱ्यातून काटेरी निघते, तुटत नाही. लाडवाचं बेसन रवाळ मागितलं तर रवाळच देतात, “बारीकच बरं असतं” असं शिकवत बसत नाहीत. पीठ कोमट येतं, गरम नाही. भाजणीला किलोला बारा रुपये, गेल्या वर्षी दहा होते. तेल दीडशेच्या पुढे आणि व्यावसायिक सिलिंडर १ तारखेला एकदम अडीचशेहून जास्त रुपयांनी चढलेला असताना मी दोन रुपयांवर काही बोलणार नाही. घट जरा जास्त वाटते, पाच किलोला शंभर-सव्वाशे ग्रॅम. दगडांना नव्यानं लावलेल्या टाकीमुळे असेल. फोन उचलत नाहीत, करू नका. सुटे पैसे न्या.

एक गोष्ट राहिली. गिरणीत शिरल्यावर वर बघा. रंग अजून लावलेला नाही, भिंतींना गाळाचा करडा थर दिसतो, पण छताखाली नवा लोखंडी गर्डर टाकलाय आणि त्याला चेनकप्पी लटकवलीय. मोटारी चार-चार बोल्टांवर बसवल्यात, बोल्ट सोडवायचे पाने तिथंच दोरीला बांधलेले. पुराच्या इशाऱ्याचा भोंगा झाला की पट्टा काढायचा, बोल्ट सोडायचे, मोटार कप्पीवर ओढून माळ्यावर घ्यायची. काकांनी पोराकडून त्याची तालीम करून घेतली, मी स्वतः पाहिलं. पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, दुसऱ्यांदा सात. “रंगाला पैसे नव्हते का?” असं मी गमतीनं विचारलं. म्हणाले, “रंग काय, पुढल्या वर्षी.”

मुंबईची पार्सलं यंदा एसटीनं पाठवता आली नाहीत, संपामुळे एकेक डेपो बंद पडत होता. शेवटी ओळखीच्या एका टेम्पोनं गेली. परवा दादरहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, चकली खाता खाताच. “दरवर्षीसारखीच झालीय गं,” म्हणाली. मला तेवढंच ऐकायचं होतं, आणि ते मी काकांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा डबा ओढला.

गिरणीला गुण पाचात चार. एक बाजरीचा कापला.

जाणार असाल तर भाऊबीजेनंतर दोन दिवस गिरण बंद आहे, परत टाकी लावायचीय. भाजणी पूर्ण गार करून न्या, डब्याच्या बाहेर आणि आत दोन्हीकडे नाव लिहा. अनारशाचे ओले तांदूळ घेऊन जाऊ नका, दगड चिकटतो आणि काका चिडतात. बाजरी तुळशीच्या लग्नानंतर.