स्पंज फिल्टर आणि एअर पंप: चार महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या 60 लिटरच्या फिशटँकमध्ये वनस्पती दाट आहेत, तरीही रोज पहाटे दिवा लावला की गप्पी मासे पृष्ठभागाशी जमून भराभर तोंडाची उघडझाप करताना दिसत आणि सकाळ उलटली की पुन्हा खाली निवांत फिरू लागत. रात्रीत प्राणवायू घटत असल्याची ही खूण होती, कारण उजेडात प्राणवायू सोडणाऱ्या वनस्पती अंधारात माशांप्रमाणेच तो वापरत असतात. वनस्पती असल्या की पंपाची गरज नाही, ही माझी समजूत माशांना महागात पडत होती. ते कळल्यावर मी एअर पंपावर चालणारा दुहेरी स्पंजचा फिल्टर आणला.

हवेच्या संपर्कात राहून संपृक्त झालेल्या गोड्या पाण्यात 25 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू असतो आणि 30 अंशांना साधारण 7.5, म्हणजे पाणी तापल्यावर माशांची गरज वाढते, तेव्हाच पाण्यातला साठा कमी होतो. थेंब टाकून रंग जुळवण्याच्या चाचणी संचाने मी पहाटेच नोंदी घेतल्या, कारण दुपारचा आकडा चांगला असला तरी त्यावरून रात्रीची कल्पना येत नाही. पंपाआधी 28 अंशांच्या पाण्यात नोंद 4 मिलिग्रॅमच्या आसपास होती. पंप रात्रभर चालू ठेवल्यावर ती आठवडाभरात एकदाही 6 च्या खाली गेली नाही. रंग डोळ्यांनी जुळवायचा असल्यामुळे अर्ध्या मिलिग्रॅमच्या फरकाला मी महत्त्व देत नाही, पण हा फरक त्याहून बराच मोठा आहे, आणि मासेही पहाटे वर येईनासे झाले.

खोक्यावर बारीक बुडबुड्यांचे कौतुक आहे, परंतु वर जाता जाता बुडबुड्यांतून थेट विरघळणारा प्राणवायू थोडाच असतो. खरे काम होते ते तळाचे पाणी नळीतून वर ओढले जाऊन पृष्ठभाग सतत हलता राहिल्याने, कारण हवेतला प्राणवायू मुख्यतः तिथूनच पाण्यात उतरतो. एकदा नळीचे तोंड चुकून बरेच खाली राहिले, पृष्ठभाग जवळजवळ स्थिर झाला, आणि पंप चालू असूनही पहाटेची नोंद पुन्हा घसरली. ते तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवावे, ही सूचना माहितीपत्रकात असायलाच हवी होती.

स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचे रूपांतर करताना स्वतःही प्राणवायू वापरतात, त्यामुळे स्पंज गाळाने तुंबू देणे योग्य नव्हे. मी दर दोन आठवड्यांनी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळतो. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात हे जिवाणू मरतात. दोन्ही स्पंज सहज निघत असल्याने एका वेळी एकच धुता येतो, ही या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

मोठी उणीव म्हणजे पाणी उलटे येऊ न देणारी झडप संचात नाही. माझा पंप टाकीपेक्षा खाली ठेवलेला होता, आणि वीज गेल्यावर हवेच्या नळीतून पाणी थेट पंपात उतरले. पंप वाचला, पण झडप मला वेगळी आणावी लागली. पंपाची घरघर पहिल्या दिवसापासून आहे. खाली फोमचा तुकडा ठेवल्यावर ती झोपायच्या खोलीतही चालण्याइतकी कमी झाली.

वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्यांनी हा पंप टायमर लावून फक्त रात्री चालवावा, कारण हलत्या पृष्ठभागातून तो वायूही निघून जातो. मी स्वतः दुसऱ्या टाकीसाठी हाच संच घेतला आहे, या वेळी झडपेसह.