रॉटवायलर, डॉबरमन की पिट बुल: बदनाम कुत्र्यांपैकी तुमच्या घरात कोण?

आमच्या राणीच्या पाठीवरून हात फिरवला की ती घशातून खोल घरघर काढायची. डोळे अर्धवट मिटायची आणि चाळीस किलोंचं सगळं अंग माझ्या पायावर रेलून द्यायची. पहिल्यांदा घरी आलेला माणूस तो आवाज ऐकून जागच्या जागी थिजायचा. रॉटवायलर लाडात आला की पुष्कळदा असाच घरघरतो, पण ज्याला ठाऊक नाही त्याला ते गुरगुरणंच वाटतं.

राणीमुळे बरेच जण मला विचारतात, आम्हाला मोठा, तगडा कुत्रा हवाय, या तिघांपैकी कोणता घ्यावा? या जातींची बाजू घेणारे बहुतेक जण लगेच म्हणतात की कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत होतो. आता मला ते अर्धंच खरं वाटतं. छोट्या कुत्र्याचं चुकलं तर मलमपट्टीवर भागतं. यांचं चुकलं तर टाके पडतात, आणि कधी कधी माणूस जीवानिशी जातो. हे झाकून या कुत्र्यांची बाजू घेता येत नाही. म्हणून निवड करताना मी कौतुकाच्या यादीपासून सुरुवात करत नाही. मी विचारतो: तुमचं दुर्लक्ष झालं तर हा कुत्रा कुठल्या बाजूने बिघडेल, आणि ते तुम्हाला सांभाळता येईल का? तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

कोण कुठून आला

डॉबरमन जर्मनीतल्या अपोल्डा गावचा. कार्ल फ्रीडरिष लुई डॉबरमन हा तिथला करवसुली करणारा माणूस. वसुलीच्या फेऱ्यांवर सोबतीला आणि रक्षणाला कुत्रा हवा म्हणून त्याने ही जात घडवली. तो १८९४ मध्ये वारला आणि १८९९ मध्ये या जातीचा पहिला क्लब निघाला. म्हणजे एका माणसाच्या शेजारी राहून त्याची राखण करायची, हेच या कुत्र्याचं मूळ काम.

रॉटवायलरचं नाव रॉटवाइल या जर्मन गावावरून पडलं. गुरं हाकायची आणि खाटकांच्या गाड्या ओढायच्या, हे त्याचं काम. रेल्वे आली, गुरं पायी नेणं थांबलं आणि ही जात जवळजवळ संपत आली. १९१० च्या सुमारास पोलिसांच्या कामासाठी तिला मान्यता मिळाली आणि ती पुन्हा सावरली. बैलाला खांद्याने रेटणारा कुत्रा आहे हा. तो माणसाला टेकतो, ढकलतो, वाट अडवतो, त्याचं कारण तिथे आहे.

पिट बुल ही मुळात एक जातच नाही. अमेरिकन पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर अशा बऱ्याच जणांना एकाच नावाने हाक मारली जाते, आणि रुंद डोक्याचा कुठलाही संकरित कुत्रा त्यात ढकलला जातो. फ्लोरिडातल्या चार निवारा केंद्रांत झालेल्या एका अभ्यासात डीएनएमध्ये पिट बुलचा मागमूस नसलेल्या कुत्र्यांपैकी दर तिघांतल्या एकाला निदान एका कर्मचाऱ्याने पिट बुल ठरवलं होतं. 'पिट बुल चावला' अशी बातमी वाचताना मला हे आठवतं. यांचे पूर्वज मात्र झुंजीचेच होते. ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ बंद झाला आणि कुत्र्यांच्या झुंजी चोरून वाढल्या. कुत्र्यावर तुटून पडणं आणि माणसावर तुटून पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पहिली गोष्ट या रक्तात आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

दोन अफवा इथेच निकालात काढतो. पिट बुलचा जबडा 'लॉक' होत नाही. तशी कुठलीही रचना त्याच्या हाडांत वा स्नायूंत नाही, तो फक्त चिकाटीने धरून ठेवतो. आणि डॉबरमनचा मेंदू वाढत जाऊन कवटीत मावेनासा होतो, मग तो मालकावर उलटतो, हेही निखालस खोटं.

२०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन केलेला अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी साधारण ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात दिसलं. जातींची बाजू घेणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो, मलाही आवडला. पण वजन, जबडा आणि ओढ ही जातीबरोबर येतातच. स्वभाव वेगळा निघू शकतो, चाळीस किलो चाळीसच राहतात.

दुर्लक्ष झालं तर

डॉबरमन आतल्या आत बिघडतो. तो माणसाच्या सावलीसारखा घरभर फिरणारा कुत्रा. बाथरूमच्या दाराबाहेरही बसून राहील. दिवसभर एकटा ठेवला, पळू दिलं नाही, की तो येरझाऱ्या घालतो, पाय चाटून चाटून जखमा करून घेतो. काही डॉबरमन तर स्वतःच्या कुशीची कातडी तोंडात धरून तासन्‌तास चोखत बसतात. ही खोड या जातीत आनुवंशिक आहे, पण ताण आणि कंटाळा तिला खतपाणी घालतात. असा बावरलेला कुत्रा अचानक दचकतो, आणि दचकलेला कुत्रा चावतो.

रॉटवायलर दारावर बिघडतो. तो उशिरा वयात येतो. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत सगळं गोड चाललेलं असतं, मग एके दिवशी तो पाहुण्यासमोर आडवा उभा राहतो आणि हलत नाही. घरात नियम नसतील तर कुणी आत यायचं आणि कुणी सोफ्यावर बसायचं हे तो ठरवायला लागतो. आरडाओरडा नसतो, म्हणून घरच्यांच्या ध्यानात फार उशिरा येतं.

पिट बुल माणसांच्या बाबतीत तिघांत सगळ्यांत मनमोकळा. अनोळखी माणसालाही शेपटी हलवत चाटेल, म्हणून राखणदार हवा असणाऱ्याची त्याच्याकडून निराशाच होईल. तो बिघडतो तो इतर प्राण्यांच्या बाबतीत. लहानपणी सगळ्यांशी खेळणारं पिल्लू एक ते तीन वर्षांच्या दरम्यान दुसऱ्या कुत्र्यांना, विशेषतः त्याच लिंगाच्या कुत्र्यांना, सहन करेनासं होऊ शकतं. यात नेहमीच मालकाची चूक असते असं नाही. पण ते ओळखून लीश (फिरवताना धरायचा पट्टा) सोडणं थांबवलं नाही, तर पुढे जे होतं, ती मात्र मालकाची चूक.

राणीची वाटी

राणी आठ महिन्यांची होती. ती जेवत असताना मी वाटीजवळून गेलो आणि तिने मान न हलवता गुरगुर केली. मी जोरात रागावलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मी पुन्हा रागावलो. चार-पाच दिवसांत गुरगुर थांबली आणि मी समाधानी झालो. मग एका ट्रेनरने तिला जेवताना पाहिलं आणि मला खाली वाकून बघायला सांगितलं. मी जवळ गेलो की राणीचं चघळणं थांबत होतं, पाठ ताठ होत होती, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसत होतं. तिची भीती तशीच होती, फक्त सूचना देणं मी बंद पाडलं होतं. पुढची पायरी थेट दात.

मग आम्ही उलटं सुरू केलं. पाच-सहा पावलांवरून जाताना वाटीच्या दिशेने मांसाचा तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. अंतर रोज थोडंसं कमी. तीन आठवड्यांनी मी दिसलो की राणी वाटीतून मान वर काढून माझ्या हाताकडे बघायची, पाठ सैल, शेपटी हलती. तेव्हापासून मी कुणालाही सांगतो की गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही शिक्षा करू नका. आणि जो ट्रेनर या कुत्र्यांना 'दाबून' ठेवायला सांगतो, काट्याचा पट्टा घालायला सांगतो, त्याच्याकडे जाऊ नका. या तिन्ही जातींवर सगळ्यांत जास्त अन्याय अशा लोकांनी केलाय.

तब्येत

इथे तुलना बरीच एकतर्फी आहे, आणि घेणारे नेमकं हेच विचारत नाहीत. डॉबरमनचं हृदय हे मोठं दुखणं. हृदयाचे स्नायू पातळ होत जाण्याचा आजार, म्हणजे डीसीएम, युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून जास्त डॉबरमनमध्ये आयुष्यात कधी ना कधी आढळला. वरून धडधाकट दिसणारा कुत्रा धावता धावता कोसळू शकतो. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी आणि होल्टर ईसीजी (अंगाला यंत्र लावून चोवीस तास ठोक्यांची नोंद) करायची तयारी नसेल तर डॉबरमन घेऊ नका. शिवाय रक्त लवकर न गोठण्याचा फॉन विलेब्रांडचा आजार यांच्यात असतो, त्याची चाचणी पहिल्या शस्त्रक्रियेआधी करून घ्या.

रॉटवायलरला खुब्याचे आणि कोपराचे सांधे, तसंच हाडांचा कर्करोग यांचा त्रास. पहिल्या वाढदिवसाआधी नसबंदी केलेल्या रॉटवायलरमध्ये हाडांच्या कर्करोगाचं प्रमाण बरंच जास्त दिसलंय, तेव्हा नसबंदी कधी करायची ते व्हेटशी नीट बोलून ठरवा. वजन मात्र पहिल्या दिवसापासून काबूत ठेवा. नऊ-दहा वर्षांची साथ मिळाली तर चांगली मिळाली असं समजायचं. पिट बुल त्या मानाने काटक, बारा-तेरा वर्षं सहज जगतो. त्वचेची अ‍ॅलर्जी मात्र त्याच्या पाचवीला पुजलेली.

कान-शेपटीबद्दल एवढंच, की डॉबरमनचे ते उभे टोकदार कान जन्मतः नसतात, ते कापून उभे केलेले असतात. जर्मनीत कान कापायला १९८७ पासून आणि शेपटी कापायला १९९८ पासून बंदी आहे. लोंबत्या कानांचा, लांब शेपटीचा डॉबरमन पाहिलात तर त्याची अर्धी दहशत तिथेच विरते. आणि कान-शेपटी असली की दुसऱ्या कुत्र्यांनाही त्याचं मन वाचता येतं.

कायदा आणि दुसरी संधी

ब्रिटनने १९९१ मध्ये पिट बुल टेरियरसह चार प्रकारांवर बंदी घातली आणि २०२४ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये एक्सएल बुली या थोराड कुत्र्याची त्यात भर पडली. उलट नेदरलँड्सने २००८ मध्ये पिट बुलवरची बंदी उठवली. दिसण्यावरून बंदी घालणं मला पटत नाही, पण तुम्ही राहता तिथला नियम आणि घरमालकाची अट पिल्लू आणण्याआधी बघा. नंतर त्याची किंमत कुत्र्याला मोजावी लागते.

अमेरिकेत २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू मायकेल व्हिक याच्या झुंजीच्या अड्ड्यावरून सुमारे पन्नास पिट बुल सोडवले. त्या सगळ्यांना मारून टाका, असं सांगणारे प्राणिप्रेमीही होते. एकेकाची नीट तपासणी झाली, तेव्हा हिंसक स्वभावामुळे मारावं लागलं ते फक्त एकाला. उरलेल्यांपैकी बहुतेक आश्रयस्थानांत आणि माणसांच्या घरांत गेले.

मग कोण?

पहिल्यांदाच कुत्रा पाळत असाल आणि घरातले सगळे दिवसभर बाहेर असतील तर तिघांपैकी कुणाचंही पिल्लू नको. पिल्लाचे तीन ते चौदा हे आठवडे जग पाहून घेण्याचे. माणसं, छत्र्या, गाड्या, जिने, मुलांचा गोंगाट, सगळं त्याला या काळात न घाबरता भेटलं पाहिजे. आठव्या आठवड्यात ते तुमच्याकडे येतं, म्हणजे जवळजवळ अर्धा काळ ब्रीडरकडेच गेलेला असतो. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या ब्रीडरकडून मागे फिरा.

वेळ आहे पण अनुभव नाही, अशांना मी तीन-चार वर्षांची, स्वभाव माहीत असलेली रॉटवायलर मादी सुचवेन. त्या वयापर्यंत तिने जे काही दाखवायचं ते दाखवून झालेलं असतं. रोज पळणारे, घरून काम करणारे आणि शांत घर असलेले लोक डॉबरमनला न्याय देतील, हृदयाची गोष्ट स्वीकारून. घरात दुसरा प्राणी नाही, माणसांचा राबता भरपूर आहे, तर निवारा केंद्रातला प्रौढ पिट बुल. मला विचाराल तर तिघांत सगळ्यांत जास्त प्रेम तोच देईल. तो कधी चुकणार नाही असं समजून मात्र राहू नका. तोंडाला जाळी घालायची सवय त्याला खाऊ देत देत लावा. जाळी अशी हवी की आतून धापता आणि पाणी पिता आलं पाहिजे. लहान मूल असेल तर यांच्यापैकी कुणालाही, खरं तर कुठल्याच कुत्र्याला, त्याच्याजवळ एकटं सोडू नका.

आणि पैसे देण्याआधी एक करा. ओळखीतल्या कुणाचा तरी त्याच जातीचा प्रौढ कुत्रा आठवडाभर रोज सकाळी तुम्ही फिरवायला न्या, मालकाला सोबत घेऊन. पहिला दिवस मजेत जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी समोरून दुसरा कुत्रा येईल, लीश ताणली जाईल. तेव्हा तुमचा खांदा काय सांगतो आणि तुम्ही आवाज चढवता की थांबून वळता, ते बघा. घरातल्या सगळ्यांत हलक्या माणसालाही एक दिवस न्यायला सांगा.