घरचं बीपी मशीन: मशीन बरोबर, मीच घाबरट
आईसाठी घेतलं होतं, वापरतोय मात्र मीच. क्लिनिकमध्ये पट्टा बांधला की माझं १५२/९४ आणि घरी सकाळी चहाच्या आधी १२४/८०, त्यामुळे आधी वाटलं मशीनच फालतू निघालं, शेवटी पिशवीत घालून क्लिनिकमध्येच नेलं आणि त्यांच्या मशीनशी ताडून बघितलं तर दोन-तीनचाच फरक! डॉक्टर हसले, म्हणे टेन्शन आलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं आणि शांत झालात की उतरतं, याला व्हाइट कोट इफेक्ट म्हणतात. पण सोडून देऊ नका, घरी नोंदी ठेवा, सरासरी १३५/८५ किंवा वर गेली तर या.

आता पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला, मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला आकडा माझा बहुतेक वेळा जास्तच येतो.

तक्रार म्हणाल तर सोबतचा पट्टा माझ्या दंडाला लहान, आणि लहान पट्ट्यावर बीपी उगाच जास्त दाखवतं, मोठा वेगळा घ्यावा लागला. शिवाय ते टीं टीं बंद करायची सोयच नाही, ऐकूनच धडधड सुरू होते राव. चार स्टार.