पाइन की फणस?

पाइनची फळी उचलली की माणूस आधी वजनाला भुलतो. घनमीटरला साधारण 500 किलो, रंग गोरा, वर राळेचा वास. फणस त्याहून जड. पण दोन्हींवर अंगठ्याचं नख दाबून बघा. पाइनवर खूण उठते, फणसाच्या गाभ्यावर सहजी उठत नाही. जेवणाचं टेबल कशाचं करायचं, हे मी तेवढ्यावरच ठरवतो.

गोव्यात खरी परीक्षा पावसाळ्यात. फोंड्याच्या आमच्या घरी जांभ्याच्या भिंतीला चिकटवून पाइनचं कपाट ठेवलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हलवलं तर पाठीला काळी बुरशी आणि तळाशी वाळवीची मातीची नळी. चूक माझीच. भिंतीपासून चार बोटं अंतर आणि खाली उंच पाय एवढं तरी हवंच होतं. म्हणून दाराची चौकट आणि मोरीजवळचं काम फणसाचंच करा, तेही फक्त पिवळ्या गाभ्याचं. सालीलगतचा फिकट भाग सुताराला काढून टाकायला सांगा, तिथे कीड आधी लागते.

कामाला पाइन गुणी. रंधा सुरेख चालतो. मात्र टोकाजवळ आधी ड्रिल न मारता स्क्रू पिळला की फळी चिरते, आणि तोच स्क्रू चारदा काढघाल केला की ढिला पडतो. सुटं करायच्या पलंगाला नट-बोल्टच बरे. गाठींतून राळ पाझरते, रंगावर पिवळे डाग येतात. आधी गाठींवर चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा हात द्या. गडद स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंगही पाइनवर ठिगळं लावल्यासारखा बसतो. फणसाला नुसतं पॉलिश पुरतं, वर्षागणिक तो तांबूस होत जातो.

अडचण फणस मिळण्याची. घरचं झाड असलं तरी 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ओला फणस घाईनं वापरला तर तडकतो. पाइन बहुधा भट्टीत वाळवून आलेलं असतं, आज आणा, उद्या कापा.

स्वस्तात पॅलेटचं, म्हणजे मालवाहतुकीच्या लाकडी फळ्यांचं पाइन घेणार असाल तर ‘एचटी’ शिक्का बघा. म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं. आतली कीड त्यानं मरते, नवी वाळवी थांबत नाही. ‘एमबी’ असेल तर विषारी धुरी दिलेली, ते घरात नकोच.

मुलांच्या खोलीतल्या मांडण्या, पुस्तकांची फडताळं मी आता पाइनचीच करतो. माटोळीची, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधून टांगतात ती चौकट मात्र फणसाची. वर्षभर ती माळ्यावर पडून असते आणि चतुर्थीपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही.