मंचावरचा शब्द की सहीचा कागद?

एखाद्या तंत्रज्ञान कंपनीचं उपकरण घ्यायचं, शेअर घ्यायचे की तिथे नोकरी धरायची, हे ठरवताना तिच्या प्रमुखाची दोन प्रकारची वक्तव्यं हाताशी असतात. एक मंचावरून किंवा समाजमाध्यमांवर केलेलं, दुसरं नियामकाकडे दिलेल्या अहवालात सहीनिशी केलेलं. बोलणारा तोच असतो. तरी दोन्हींवर सारखाच विश्वास टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

मंचावरच्या भाषणातून कंपनीची दिशा कळते, तारीख मात्र कळत नाही. एप्रिल २०१९ मध्ये इलॉन मस्क म्हणाले होते की पुढच्या वर्षी टेस्लाच्या दहा लाखांहून अधिक रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी, रस्त्यावर असतील. २०२० सरलं तेव्हा एकही धावत नव्हती, आणि पूर्ण स्वयंचलित चालवण्याच्या सोयीचे पैसे कित्येक गाडीमालक आधीच भरून बसले होते. ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये एअरपॉवर हा चार्जिंगचा पाट दाखवला आणि मार्च २०१९ मध्ये, तो आपल्या दर्जाला उतरत नाही असं सांगून, रद्द केला. हे मी फसवणुकीत धरत नाही. जमेल असं वाटलं, जमलं नाही. पण वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती शेवटी काहीच आलं नाही.

भविष्याबद्दलच्या दाव्यापेक्षा मला घबराटीतला दिलासा जास्त घातक वाटतो. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी एफटीएक्स या कूटचलनाच्या (क्रिप्टो) बाजारपेठेचे प्रमुख सॅम बँकमन-फ्रीड यांनी एफटीएक्स ठीक आहे, मालमत्ता ठीक आहे, असं ट्विट केलं. चारच दिवसांत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोक पैसे काढायला धावत असताना खरं सांगणं प्रमुखाला सर्वांत महाग पडतं, म्हणून नेमक्या त्याच वेळी त्याच्या शब्दावर विसंबू नये.

कागदाचं बळ शिक्षेत आहे. अमेरिकेत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्यानुसार नोंदणीकृत कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अहवाल स्वतः प्रमाणित करावा लागतो, आणि हेतुपुरस्सर खोटं प्रमाणपत्र दिलं तर २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे मंचावर न उच्चारलेल्या अडचणी अहवालातल्या जोखमींच्या प्रकरणात सापडतात. रटाळ असतं, पण मी आधी तेच वाचतो.

तरी कागदही डोळे मिटून मानू नये. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीने वापरकर्त्यांच्या माहितीचा गैरवापर केल्याचं फेसबुकला २०१५ मध्येच कळलं होतं. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ अहवालांत मात्र असा गैरवापर ‘होऊ शकतो’ एवढंच छापलं जात राहिलं. त्याबद्दल २०१९ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या रोखे नियामकाला १० कोटी डॉलर दंड भरला. ‘झाला’च्या जागी ‘होऊ शकतो’ लिहिलं की गुंतवणूकदार गाफील राहतो.

म्हणून उपकरण घेणाऱ्याने आज जे चालतं तेवढ्याचेच पैसे मोजावेत, पुढच्या अपडेटचे नाहीत. शेअर घेणाऱ्याने गेल्या वर्षीचा आणि यंदाचा अहवाल शेजारी ठेवून जोखमींतलं कोणतं वाक्य बदललं ते पाहावं. नोकरी शोधणाऱ्याची अडचण मोठी: कंपनी खासगी असेल तर असा जाहीर अहवाल बहुधा मिळतच नाही. तिथे प्रमुखाने मुलाखतीत दिलेलं प्रत्येक आश्वासन नेमणूकपत्रात लिहून मागावं, आणि ते लिहून द्यायला कंपनी का कू करू लागली तर सही करण्याआधी थांबावं.