पुणे मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन: वनाज ते कल्याणीनगर, माझं या वर्षीचं मत

कोथरूडला राहून कल्याणीनगर, येरवडा, विमाननगर या पट्ट्यात आयटीत नोकरी करणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगेन, गाडी घरी ठेवा आणि मेट्रोचं कार्ड काढा. मार्च 2024 ला रुबी हॉलच्या पुढे रामवाडीपर्यंत लाईन सुरू झाली तरी मी बरेच महिने स्कूटीच दामटत होते, कारण सगळे म्हणायचे उतरल्यावर पुढे काय. पण या वर्षी टीम बदलली, मॅन्युअल टेस्टिंगमधून ऑटोमेशनला गेले, नवीन मॅनेजरला आठवड्यातून चार दिवस माणसं ऑफिसात हवीत, आणि कर्वे रोड, डेक्कन, संचेती, बंडगार्डन असं रोज तास सव्वा तास धूर खात जायचं म्हणजे घरी आल्यावर कशातच जीव राहत नाही.

मेट्रोचा खरा फायदा वेगापेक्षा वेळेचा आहे. कोथरूडच्या वनाज स्टेशनला चढले की कल्याणीनगरला कधी पोचणार ते मला माहीत असतं, पाऊस असो, नळस्टॉपला कोंडी असो, काही फरक पडत नाही. तिकीट 10 रुपयांपासून 35 पर्यंत, व्हॉट्सअ‍ॅपवर पण निघतं, शनिवार रविवार 30 टक्के सूट. एसी चांगला, डबे स्वच्छ, बायकांसाठी राखीव जागा आहे त्यामुळे रात्री उशिरा सॉफ्टवेअरच्या रिलीजचं काम संपवून निघाले तरी आई आता दर दहा मिनिटांनी फोन करत नाही. नवीन कामासाठी जावास्क्रिप्ट शिकायचं होतं, त्याचे बरेचसे व्हिडिओ मी या प्रवासातच बघितले, स्कूटीवर हे कसं जमणार होतं सांगा.

आणि पेटी, म्हणजे हार्मोनियम! लहानपणी दोन परीक्षा देऊन सोडलेली पेटी परत सुरू केली. क्लास डेक्कनला, संध्याकाळी सातचा. आधी ऑफिसमधून निघून सातला डेक्कन गाठायचं म्हणजे नशिबाचा खेळ, म्हणून कुठे नावच घालत नव्हते. आता परतीच्या वाटेवर डेक्कनला उतरते, तास करते, परत गाडी पकडून वनाज. भूप राग झाला, यमन चालू आहे, सरांनी दिलेलं रेकॉर्डिंग येताजाता ऐकून ऐकून पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, हातात बसायला लागलेत. मला तर वाटतं शहराला मेट्रो कशासाठी हवी याचं हेच उत्तर आहे, माणसाला ऑफिस सुटल्यावर पण थोडं आयुष्य उरलं पाहिजे.

घरची बातमी म्हणजे डिसेंबरमध्ये साखरपुडा झाला. होणारा नवरा पिंपरीचा, म्हणजे मेट्रोच्या दुसऱ्या, जांभळ्या लाईनवरचा. जिल्हा न्यायालय स्टेशनला दोन्ही लाईन मिळतात, आमची वरून जाते आणि त्याची जमिनीखाली जवळपास 33 मीटरवरून, त्यामुळे लाईन बदलताना सरकते जिने संपता संपत नाहीत, सोबत आजी आजोबा असतील तर सरळ लिफ्ट शोधा. तिथून मंडईला उतरलं की तुळशीबाग, लक्ष्मी रोड पायी. साड्यांची अर्धी खरेदी आम्ही दोन्हीकडच्या आयांना घेऊन अशीच केली, पार्किंग शोधायची कटकट नाही आणि सगळ्यांचा मूड शेवटपर्यंत चांगला, यालाच मी जास्त मार्क देते.

आता कमी कुठे आहे ते पण लिहिते. स्टेशनपासून ऑफिसपर्यंतचा शेवटचा टप्पा अजून आपला आपणच सोडवायचा. मला पंधरा मिनिटं चालणं जमतं, पण खराडीला जाणाऱ्या मैत्रिणींना रामवाडीहून पुढे रिक्षा किंवा बस लागतेच, आणि पावसाळ्यात रिक्षावाले मागतील ते द्यावं लागतं. स्टेशनपासून पुढे नेणाऱ्या फीडर बस वाढवल्या तर निम्मे टू व्हीलरवाले इकडे येतील याची मला खात्री आहे. गाडी तीनच डब्यांची, त्यामुळे साडेसहा सातला जिल्हा न्यायालयाला चांगलीच रेटारेटी होते, शक्य असेल तर थोडं आधी निघा. वनाजच्या पुढे चांदणी चौक आणि रामवाडीच्या पुढे वाघोलीच्या बाजूला लाईन न्यायला केंद्राने 2025 मध्ये मंजुरी दिलीये, ते काम लवकर व्हावं असं मनापासून वाटतं, बावधन भूगावकडची माणसं फार हाल काढतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मे महिन्यात लग्न आहे, मग रोज पिंपरीहून निघून मधे लाईन बदलायची, पेटीचा क्लास मात्र डेक्कनलाच चालू ठेवणारे. सकाळच्या गर्दीत जांभळी लाईन कशी असते ते कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.